वय वाढल्यावर आपलीच चूक आपल्या नजरेतून का सुटते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझं वय ६७. गेली ३५ वर्षं भाषांतराचं काम करते. लिहिलेलं स्वतःच तपासून पुढे पाठवायचं, ही पहिल्यापासूनची सवय. गेल्या दोन वर्षांत तीनदा फजिती झाली. एकदा १८९७ चं १८७९ झालं होतं. एकदा मधलं एक अख्खं वाक्य गळलं होतं. तिसऱ्या वेळी दाखवलेली चूक 'माझी नाहीच, नंतर कुणीतरी केली असेल' असं मी ठामपणे सांगितलं, आणि जुनी प्रत काढली तर ती माझ्याच हातची निघाली. दाखवल्यावर चूक मला लगेच दिसते, मग आधी का दिसत नाही? हे वयाचं आहे की आजाराचं? काम थांबवावं का?"

तीन प्रसंगांतला तिसरा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या दोन नजरचुका आहेत, तशा पंचविशीतही होतात. तिसऱ्यात मात्र चूक झाली, ती झाल्याचं कळलं नाही, आणि वर 'मी असं लिहिणंच शक्य नाही' ही खात्रीही होती. चूक होणं, चूक कळणं आणि आपल्याबद्दलची खात्री ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. वयाचा परिणाम तिन्हींवर सारखा होत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या फरकात आहे.

मी २८ वर्षं स्मरण आणि लक्ष यांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या माणसांच्या चाचण्या घेते. त्यातल्या एका चाचणीत कागदभर गोल विखुरलेले असतात, काहींत अंक, काहींत अक्षरं. पेन्सिल न उचलता १ वरून क वर, क वरून २ वर, २ वरून ख वर असं आळीपाळीनं जायचं. चाचणी चालू असताना चूक झाली की मी लगेच टोकते, तसा नियमच आहे. पण ती संपल्यावर कधीकधी तसाच आणखी एक कागद देते आणि त्यात टोकत नाही, नुसती बघत बसते.

एक सत्तरीतले गृहस्थ होते, सगळं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलेले. ३ वरून ग वर जायचं होतं, ते थेट ४ वर गेले. पेन्सिलचं टोक ४ च्या गोलाला टेकलं आणि थबकलं. जेमतेम अर्धा सेकंद. त्या जागी शिशाचा एक जाडसर ठिपका उमटला. मग पेन्सिल घ च्या दिशेनं निघाली आणि शेवटपर्यंत नीट गेली. "कुठे अडखळल्यासारखं झालं का?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "नाही, सरळ झालं." मी तो ठिपका दाखवला. बराच वेळ त्याच्याकडे बघून ते म्हणाले, "हो, इथे हाताला काहीतरी लागलं खरं. पण ते काय होतं ते बघायला मी थांबलो नाही."

त्यांच्या हाताला चूक कळली होती. त्यांना कळली नव्हती.

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण प्रयोगांतून ते नीट दिसलेलं आहे, तेही तरबेज माणसांत. २०१० मध्ये लोगन आणि क्रम्प या संशोधकांनी सराईत टायपिस्टांना मजकूर टाइप करायला दिला आणि पडद्यावर गुपचूप ढवळाढवळ केली. बरोबर टाइप केलेल्या काही शब्दांत चुका घातल्या, आणि खरोखर झालेल्या काही चुका परस्पर दुरुस्त करून दाखवल्या. विचारल्यावर टायपिस्टांनी पडद्यावर विश्वास ठेवला: न केलेल्या चुका स्वतःच्या म्हणून कबूल केल्या आणि केलेल्या चुका नाकारल्या. बोटं मात्र फसली नाहीत. खरी चूक झाली तिथेच ती मंदावली. पियानोवादकांतही असंच आढळलं आहे. चुकीची पट्टी दाबली जाण्याच्या सुमारे ७० मिलिसेकंद आधीच मेंदूत वेगळा संकेत उमटतो आणि ती पट्टी किंचित हलकी दाबली जाते.

म्हणजे चूक हाताच्या पातळीवर कळणं ही एक गोष्ट, 'चुकलं' असं मनात उमटणं ही दुसरी, आणि ते नंतर लक्षात राहणं ही तिसरी. पॅट्रिक रॅबिट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९६६ पासून या विषयावर काम केलं. दिवा लागेल तसं बटण दाबायचं, अशा साध्या प्रयोगात त्यांना दिसलं की कुणी न सांगताही माणसं आपली चूक फार झपाट्यानं सुधारतात. पुढे, १९९० मध्ये, त्यांनी हेच पन्नाशी ते सत्तरीतल्या लोकांत पाहिलं. चुकलं की लगेच योग्य बटण दाबा, असं सांगितलं तर वयस्कांची कामगिरी फारशी घसरत नव्हती. पण 'चुकलो' हे वेगळी खूण करून कळवा, किंवा शेवटी किती आणि कुठे चुकलात ते आठवून सांगा, म्हटलं की फरक दिसायचा. वय वाढतं तशी ही कळवणारी आणि लक्षात ठेवणारी पायरी कमजोर होत होती.

मेंदूच्या विद्युत लहरींत याच दोन पायऱ्या डोळ्यांनी पाहता येतात. १९९० च्या सुमारास जर्मनी आणि अमेरिकेतल्या दोन गटांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असं आढळलं की हात चुकल्यानंतर ५० ते १०० मिलिसेकंदांत कपाळामागच्या मध्यभागी एक ऋण लहर उमटते. तिचा उगम मुख्यतः अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स या भागात असतो. 'व्हायला हवं होतं एक आणि झालं दुसरं', एवढंच ती सांगते, आणि माणसाला चुकीची जाणीव झालेली नसली तरी ती बऱ्याचदा उमटते. तिच्यानंतर, साधारण २०० ते ५०० मिलिसेकंदांच्या दरम्यान, दुसरी, धन लहर येते. ती मात्र जाणिवेशी बांधलेली आहे. 'अरे, चुकलं!' असं जेव्हा मनात येतं तेव्हा ती ठळक असते.

उतारवयात यातली पहिली लहर बहुतेक अभ्यासांत लहान झालेली दिसते. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं प्रमाण आणि त्याला प्रतिसाद देणाऱ्या जागा वयाबरोबर कमी होतात, हे त्याचं एक कारण मानलं जातं. दुसरी लहरही फिकी होते, आणि माझ्या दृष्टीनं रोजच्या कामात तेच जास्त नडतं. पहिला इशारा थोडा मंद झाला तरी हात सांभाळून घेतो. दुसरा फिका झाला की आपण थांबत नाही, मागे वळून बघत नाही, आणि अर्ध्या तासानं विचारलं तर 'सरळ झालं' असंच सांगतो. ते खोटं बोलणं नसतं. त्या क्षणाची नोंदच झालेली नसते.

यातून एक गंभीर घोटाळा होतो. रोजच्या विसराळूपणाबद्दल आणि नजरचुकांबद्दल प्रश्नावली भरून घेतली, तर वयस्क माणसं तरुणांपेक्षा जास्त चुका नोंदवतातच असं नाही, पुष्कळदा कमीच नोंदवतात. यात थोडं सत्य आहे. वय वाढतं तशी माणसं सावध होतात, घाई टाळतात, वेळेपेक्षा अचूकतेला जपतात, लिहून ठेवतात. पण काही भाग असा की चूक झाल्याचंच स्मरण राहत नाही, मग मोजणार काय? डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गटानं २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वयस्क लोकांना प्रयोगातल्या चुका कमी जाणवल्या. रोजच्या वागण्यातल्या लक्षाच्या चुकांबाबतही त्यांचं स्वतःचं मत आणि त्यांना जवळून ओळखणाऱ्यांचं मत यांत अंतर निघालं. म्हणून 'मला तर काही जाणवत नाही' हे वाक्य मी तपासणीत ऐकून घेते, पण त्यावर निदान उभारत नाही.

आता तुमच्या १८७९ कडे. तुम्हीच लिहिलेलं तुम्ही तपासता, तेव्हा डोक्यात १८९७ पक्कं बसलेलं असतं. डोळे कागदावर फिरतात, पण वाचलं जातं ते डोक्यातलं. हे सगळ्यांचंच होतं. मात्र अनुभवी माणसाचं जास्त होतं, कारण अनुभवाचा फायदाच मुळी पुढचं आधी ओळखण्यात असतो. टिमथी सॉल्टहाउस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये १९ ते ७२ वयाच्या टायपिस्टांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. वयस्क टायपिस्टांची साधी प्रतिक्रिया मंदावलेली होती, तरी टायपिंगचा वेग टिकून होता, कारण त्यांची नजर बोटांच्या बरीच पुढे धावत होती. लिहिताना ही पुढे धावणारी नजर तुम्हाला तारते. तपासताना तीच दगा देते. गळलेलं वाक्यही असंच सुटतं. अर्थ तुम्हाला माहीत असतो, त्यामुळे मधली फट मन आपोआप भरून काढतं.

यात डोळ्यांचाही वाटा आहे आणि तो लोक फार सहज विसरतात. साठीत बुबुळाची बाहुली लहान आणि भिंग पिवळसर झालेलं असतं, त्यामुळे डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानानं साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो. 'दिन' आणि 'दीन' यांतल्या वेलांटीची दिशा, अनुस्वाराचा ठिपका, ९ आणि १ यांतला फरक, हे सगळं उजेडावर अवलंबून असतं. मेंदूला दोष देण्याआधी चष्म्याचा नंबर तपासा आणि टेबलावर चांगला दिवा आणा.

तिसऱ्या प्रसंगातली ती खात्री, हा मला सर्वांत नाजूक भाग वाटतो. माणसाला काही नीट आठवत नसेल तर तो चाचपडतो, आणि चाचपडणारा माणूस तपासून बघतो. उतारवयात मात्र असं जास्त वेळा होतं की दोन आठवणींचे तुकडे एकमेकांत मिसळतात आणि तयार झालेली चुकीची आठवण अगदी खरीखुरी, तपशिलांसकट समोर उभी राहते. 'मी ते वाक्य लिहिताना खिडकीत बसले होते' इथपर्यंत. चुकीच्या गोष्टीबद्दल ठाम असणं वयस्कांमध्ये जास्त दिसतं, हे स्मरणाच्या प्रयोगांत आढळलेलं आहे. त्यामुळे तरुणपणी 'मला खात्री आहे' या भावनेवर जितकं विसंबता येत होतं, तितकं आता येत नाही. ती भावना मात्र पूर्वीइतकीच जोरकस असते.

आणखी एक कारण मेंदूच्या बाहेरचं आहे. आपल्या चुका आपणच पकडतो असं वाटतं, पण आयुष्यभर त्यातल्या कितीतरी दुसऱ्यांनी पकडलेल्या असतात: शिक्षकांनी, वरिष्ठांनी, बरोबरीच्यांनी. वय आणि मान वाढला की हे सांगणं आटतं. धाकटे संकोचतात, परस्पर दुरुस्त करून टाकतात, किंवा आपसात बोलतात. तुम्हाला दोन वर्षांत तीन चुका दाखवल्या गेल्या. न सांगता दुरुस्त झालेल्या किती, ते तुम्ही ज्यांना मजकूर देता त्यांना एकदा मोकळेपणानं विचाराच. ऐकायला जड जाईल, पण खरा आकडा त्यांच्याजवळच आहे.

आता 'दाखवल्यावर लगेच दिसते' या तुमच्या वाक्याकडे येते, कारण त्यात फार मोठा दिलासा आहे. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॅनेट मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी तरुण आणि वयस्क लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले, चुकलेल्या ठिकाणी बरोबर उत्तर सांगितलं आणि नंतर पुन्हा तेच प्रश्न विचारले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वयस्कांनी आपल्या चुका तरुणांपेक्षा जास्त सुधारल्या. तरुणांचं लक्ष मुख्यतः ज्या उत्तरांबद्दल खात्री होती आणि तरी चुकली, त्यांच्याकडे गेलं. वयस्कांनी खात्री नसलेल्या चुकाही तितक्याच मनावर घेतल्या. खरं काय ते कळावं, ही ओढ त्यांच्यात पक्की होती. म्हणून 'म्हाताऱ्या माणसाला सांगून उपयोग नाही' हे मी कधीच मान्य करत नाही. चूक झाल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, एवढंच. ती पोहोचवली की दुरुस्ती उत्तम होते.

तेव्हा सगळा प्रयत्न ती बातमी बाहेरून पोहोचवण्यावर हवा. 'आता जास्त लक्ष देईन' हा निश्चय कामाचा नाही, कारण जे जाणवतच नाही त्याकडे लक्ष देणार कसं?

माझ्याकडे येणाऱ्यांना मी सर्वांत आधी वही ठेवायला सांगते. चूक कळली, कुणी दाखवली किंवा स्वतःला दिसली, की त्याच मिनिटाला लिहायची. काय लिहिलं होतं, काय हवं होतं, किती वाजता, कशानंतर. 'संध्याकाळी बसून लिहीन' म्हटलं की संपलं, कारण चूक झाल्याची आठवण सर्वांत आधी पुसली जाते. महिनाभरात वहीतून ठसे दिसू लागतात. ज्या हिशेबनीस गृहस्थांबद्दल वर सांगितलं, त्यांच्या वहीत २३ नोंदी झाल्या होत्या आणि त्यांतल्या १४ दुपारी जेवणानंतरच्या दोन तासांतल्या होत्या. त्यांनी तपासणीचं काम सकाळवर नेलं. तुमच्या वहीत कदाचित आकड्यांची उलटापालटच जास्त निघेल, कदाचित गळलेली वाक्यं. काय निघेल ते मी इथून सांगू शकत नाही, आणि वही ठेवल्याशिवाय तुम्हीही सांगू शकणार नाही.

करणं आणि तपासणं यांत अंतर ठेवा, किमान एक रात्र. मजकूर वेगळ्या रूपात समोर आला तर आणखी चांगलं: पडद्यावर लिहिलं असेल तर कागदावर काढा, अक्षरं मोठी करा. एका फेरीत एकच प्रकार बघा. एक फेरी फक्त आकड्यांची, आणि तीही शेवटून सुरुवातीकडे, म्हणजे अर्थ मध्ये येत नाही. एक फेरी मूळ मजकुरातली आणि भाषांतरातली वाक्यं मोजण्याची. गळलेलं वाक्य मोजल्याशिवाय सापडत नाही. शेवटची फेरी मोठ्यानं वाचण्याची, ओळीखाली बोट ठेवून. आणि हात थबकला, जीभ अडखळली, की थांबा. कारण कळलं नाही तरी थांबा. तो शिशाचा ठिपका हाच तुमच्यापर्यंत आलेला इशारा आहे. मी सांगितलेल्या सगळ्यांत हे एक शिकायला सर्वांत अवघड जातं, पण सरावानं जमतं.

कुणी चूक दाखवली तर त्या क्षणी चूक कुणाची हा प्रश्न बाजूला ठेवा. बरोबर रूप स्वतःच्या हातानं एकदा लिहा. आणि दाखवणाऱ्याला सांगून ठेवा की नुसतं 'इथे चुकलंय' नको, बरोबर काय तेही सांग. सुधारणा टिकते ती बरोबर उत्तर मिळाल्यामुळे. घरच्यांनीही हे ध्यानात घ्यावं. चारचौघांत टोकलं की माणूस बचावात जातो. वेळ निघून गेल्यावर सांगितलं तर तो प्रसंगच आठवत नाही आणि आरोप केल्यासारखं वाटतं. एकटं असताना, लगेच, बरोबर गोष्टीसकट सांगावं.

डोक्याला सौम्य वीजप्रवाह देऊन चुकांची जाणीव वाढते का, असे प्रयोग झाले आहेत आणि एका अभ्यासात वयस्कांमध्ये ती वाढलेली दिसली. पण ते प्रयोगशाळेतलं, थोड्या वेळापुरतं काम आहे. तसली यंत्रं विकत घेऊन घरी वापरू नका.

हे वयाचं की आजाराचं, हा प्रश्न राहिला. तुम्ही लिहिलंय त्यावरून, चूक दाखवल्यावर ती दिसते, पटते, जुनी प्रत काढून बघावीशी वाटते आणि तुम्ही स्वतःहून विचारता आहात. हे सगळं वयाच्या बाजूला झुकतं. आजारात बहुतेकदा दाखवूनही पटत नाही. पुरावा समोर असला तरी माणूस तो नाकारतो किंवा विचलितही होत नाही. आपल्यातली उणीव न कळण्याच्या अशा अवस्थेला बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी १९१४ मध्ये 'अ‍ॅनोसोग्नोसिया' हे नाव दिलं. तरीही स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला काही जणांना आपली उणीव चांगली जाणवते, म्हणून केवळ या एका लक्षणावर निर्धास्त राहू नका. पैशांचे व्यवहार चुकू लागले, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ झाला, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला, किंवा चुका महिन्यागणिक वाढल्या तर तपासणी करून घ्या. त्यात बी १२, थायरॉइड, ऐकू येणं, झोपेत श्वास अडणं, उदासी आणि चालू औषधं हे सगळं बघितलं जावं. झोपेच्या आणि सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही जुन्या गोळ्या याच कामात अडथळा आणतात, आणि औषध बदललं की फरक पडलेला मी पाहिला आहे. गोंधळ दोन-चार तासांत किंवा दिवसांत एकदम सुरू झाला, तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

काम थांबवू नका, असं माझं मत आहे. पण कामाची वाटणी बदला. ज्या मजकुरातली चूक छापल्यावर मागे घेता येत नाही, औषधांची मात्रा, करारातले आकडे, तारखा, तो यापुढे एकट्यानं तपासून पाठवू नका. दुसऱ्या माणसाची नजर त्या कामाच्या ठरलेल्या मेहनतान्यातच धरा, म्हणजे दर वेळी कुणाचे उपकार घेतल्यासारखं वाटणार नाही. बाकीचं काम वर सांगितलेल्या फेऱ्यांनी करा. तीन महिन्यांनी वही उघडा आणि ज्यांना मजकूर देता त्यांना पुन्हा तोच प्रश्न विचारा: मला न सांगता किती दुरुस्त केलंत?